एक कारखाना, दोन ग्रंथ

उद्योगधंद्यांवरील ग्रंथांचा विचार वाङ्मयीन मासिकात का करावा, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. टीकेचा विषय म्हटला की काव्य, नाटक, कादंबरी आणि फार तर चरित्र व इतिहास, एवढीच मर्यादा आमच्याकडे पूर्वापार ठरून गेली आहे. यंत्रे, माल आणि हिशेब ह्यांविषयी लिहिणारा मनुष्य ग्रंथकार ह्या पदवीस पात्र असू शकतो, ही कल्पनाच आम्हांस फारशी रुचत नाही. परंतु ज्या ग्रंथांनी गेल्या पन्नास वर्षांत सुशिक्षित माणसाच्या रोजच्या जीवनक्रमाला वळण लावले, त्यांची मोजदाद करावयास बसल्यास अशा ग्रंथांना त्यांत मोठे स्थान द्यावे लागेल. मुलगा कंपनीतून घरी येतो आणि जेवताजेवता ‘कायझेन’, ‘कानबान’ असले शब्द सहज बोलून जातो. हे शब्द कोठून आले, त्यांच्यामागे कोणता विचार आहे, आणि तो विचार ज्यांच्या अंगावर येऊन पडला त्यांस त्याविषयी काय वाटले, ह्याचा शोध घेणे हे टीकाकाराच्या कक्षेबाहेरचे काम आहे असे आम्ही मानीत नाही.

ह्या लेखासाठी आम्ही दोन जपानी ग्रंथ निवडले आहेत. पहिला ताइइची ओनो ह्यांचा ‘टोयोटा उत्पादनपद्धती’ हा १९७८ सालचा ग्रंथ. दुसरा सातोशी कामाता ह्यांचा १९७३ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ, ज्याच्या मूळ नावाचा अर्थ ‘मोटारींचा निराशेचा कारखाना’ असा होतो. दोहोंचा विषय एकच कंपनी आहे, काळही जवळजवळ एकच आहे. एक ग्रंथ कारखान्याचा कारभार पाहणाऱ्याने लिहिला आहे व दुसरा त्याच कारखान्यात सहा महिन्यांच्या कराराने राबलेल्या हंगामी कामगाराने. जपानी भाषा आम्हांस अवगत नाही. पहिल्याचे १९८८ साली व दुसऱ्याचे १९८२ साली निघालेले इंग्रजी भाषांतर आम्ही वाचले, तेव्हा शैलीसंबंधीची आमची विधाने त्या मर्यादेतच समजावीत.

प्रथम ओनो ह्यांच्या ग्रंथाकडे वळू. ओनो हे १९१२ साली जन्मले, नागोया येथील तंत्रशाळेत शिकून १९३२ साली टोयोडांच्या सूतगिरणीत लागले, १९४३ साली मोटार कंपनीत आले आणि यंत्रशाळेच्या व्यवस्थापकापासून चढत उपाध्यक्षपदापर्यंत पोहोचले. ग्रंथाच्या उपशीर्षकात मोठ्या आकारमानाच्या मोहातून बाहेर पडणाऱ्या व्यवस्थापनाचा उल्लेख आहे. ते उपशीर्षक वाचकाने नीट ध्यानात ठेवावे, कारण सर्व विवेचनाची किल्ली तेथे आहे. १९७३ च्या शरदऋतूत तेलाचे संकट आले, पुढील वर्षी जपानची आर्थिक वाढ थांबली, आणि इतर कारखाने हबकले असता टोयोटा कंपनी मात्र तुलनेने लवकर सावरली. तेव्हा लोकांनी विचारावयास प्रारंभ केला की, ह्यांचे गुपित काय? ग्रंथ हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

उत्तराचा आरंभ ओनो एका त्रैराशिकापासून करतात, आणि तेथेच त्यांची लेखक म्हणून असलेली पकड दिसून येते. सूतगिरणीत असता त्यांनी ऐकले होते की, एका जर्मन कामगाराचे काम करावयास तीन जपानी लागतात, व एका अमेरिकनाचे काम करावयास तीन जर्मन. म्हणजे जपानी व अमेरिकन कामगारांचे प्रमाण नऊास एक झाले. सामान्य मनुष्य ह्यावरून आपल्या लोकांच्या आळसाची निंदा करून मोकळा झाला असता. ओनो असा प्रश्न करतात की, अमेरिकन मनुष्य शरीराने खरोखरच जपान्याच्या नऊपट कष्ट करू शकेल काय? ते अशक्य असेल तर जपानी कामगाराचे कष्ट कोठे तरी वाया जात असले पाहिजेत. दोष माणसात नसून कामाच्या मांडणीत आहे. हे एक वाक्य मान्य केले की बाकीचा सारा ग्रंथ त्यातून आपोआप उलगडत जातो.

वाया जाण्याचे सात प्रकार ते सांगतात: गरजेहून अधिक माल काढणे, वाट पाहणे, मालाची ने-आण, अनावश्यक प्रक्रिया, साठा, अनावश्यक हालचाल आणि सदोष माल. ह्या सातांत पहिल्याला ते सर्वांत घातक मानतात. आपल्या नेहमीच्या समजुतीला येथे धक्का बसतो. एखाद्या खात्याने ठरल्यापेक्षा दीडपट माल काढला तर आपण त्याच्या प्रमुखाची पाठ थोपटू. ओनो त्याला कारण विचारतील. कारण तो जास्तीचा माल ठेवावयास जागा लागते, मोजावयास कारकून लागतो, हलवावयास गाडा लागतो, आणि त्यात एखादा दोष राहून गेला असेल तर तो उघडकीस येईपर्यंत शेकडो नग तसेच तयार होऊन बसतात. आठ वल्ह्यांच्या नावेत एकानेच दुप्पट जोराने वल्हे मारले तर नाव वेगाने न जाता वाकडी जाते, हा त्यांचा दृष्टांत अतिशय समर्पक आहे. प्रत्येक अवयव आपापल्या परीने उत्तम चालला म्हणजे सबंध देह उत्तम चालतो असे नाही, हा विचार आमच्या वैद्यकाला नवा नाही. परंतु कचेरीत व कारखान्यात आपण तो नेमका विसरतो व प्रत्येक खात्याला वेगवेगळे गुण देत बसतो.

उपायाचे दोन खांब आहेत. एक, हवी ती वस्तू, हवी तेव्हा, हवी तेवढीच हाती यावी. ही कल्पना ओनो ह्यांस अमेरिकेतील सुपरमार्केटवरून सुचली. गिऱ्हाइकाने फळीवरून जेवढे उचलले तेवढेच दुकानदार पुन्हा भरतो. तद्वत कारखान्यात पुढच्या कामगाराने मागच्याकडून जेवढे नेले तेवढेच मागच्याने तयार करावे, व तो निरोप एका लहान पत्र्याने अथवा चिठ्ठीने द्यावा. ह्या चिठ्ठीलाच कानबान म्हणतात. १९५३ च्या सुमारास त्यांनी आपल्या यंत्रशाळेत हा प्रयोग आरंभिला आणि सबंध कंपनीत तो रुळावयास १९६२ साल उजाडले.

दुसरा खांब ‘जिदोका’ हा होय, आणि येथे साहित्याच्या अभ्यासकाने क्षणभर थांबलेच पाहिजे. कंपनीच्या घराण्याचे मूळपुरुष साकिची टोयोडा ह्यांनी धागा तुटताच आपोआप थांबणारा माग बनविला होता. १९२९ साली त्याचे हक्क इंग्लंडातील प्लॅट ब्रदर्स ह्या नामांकित कंपनीने घेतले. यंत्र नुसते चालत राहू नये, काही बिघडले तर त्याला थांबावयाची अक्कल असावी, हे त्यातील मर्म. ओनो हेच तत्त्व माणसांच्या ओळीला लावतात: ज्याला दोष दिसेल त्याने सगळी ओळ थांबवावी. हा अर्थ दाखविण्यासाठी जपानी लिपीत ‘स्वयंचलित’ ह्या शब्दातील ‘हलणे’ ह्या अर्थाच्या चिन्हाला मनुष्यदर्शक छोटे चिन्ह जोडण्यात येते, आणि त्या जोडचिन्हाचा अर्थ ‘काम करणे’ असा होतो. हलण्यात माणूस मिसळला की त्याचे काम होते. एखाद्या कवीनेही हेवा करावा असा हा श्लेष आहे.

थांबल्यावर काय करावयाचे? तर पाच वेळा ‘का’ विचारावयाचे. यंत्र बंद पडले, का? भार वाढून फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला वंगण पुरले नाही. का पुरले नाही? पंप नीट ओढीत नव्हता. का? त्याचा दांडा झिजला होता. का झिजला? गाळणी नसल्यामुळे धातूचा कीस आत गेला होता. पहिल्या ‘का’शीच थांबणारा मनुष्य फ्यूज बदलतो आणि महिन्याने पुन्हा तोच फ्यूज बदलतो, पाचव्यापर्यंत जाणारा गाळणी बसवितो. सतत सुधारणा ह्या आज गुळगुळीत झालेल्या शब्दांचा खरा अर्थ एवढाच आहे, आणि तो समजावयास ह्याहून सोपे उदाहरण आमच्या वाचनात नाही.

वाढत्या कंपनीच्या चालकाने हा ग्रंथ का वाचावा, हेही येथेच स्पष्ट होते. धंदा लहान असतो तेव्हा मालकाची नजर सगळीकडे पोहोचते व व्यवस्थेची उणीव त्याची नजर भरून काढते. धंदा वाढला की नजर अपुरी पडते. मग माणसे, कोठारे व अहवाल वाढविले जातात, आणि मागणी जोरात असल्यामुळे ह्या सर्वांचा खर्च कोणाला जाणवत नाही. भरभराटीच्या काळात उधळपट्टी झाकली जाते व मंदीत ती एकदम उघडी पडते, हे ओनो पुन्हा पुन्हा बजावतात. त्यांना हवी असलेली संस्था शरीरासारखी आहे. निखाऱ्याला बोट लागले तर मेंदूची परवानगी न घेता ते मागे येते; तसे कारखान्याच्या टोकावरच्या माणसाने वरून हुकूम येण्याची वाट न पाहता योग्य ते करावे, एवढे शहाणपण मांडणीतच मुरलेले असावे. ते मुरावयास वेळ लागतो. पत्र्याच्या साच्यांची अदलाबदल करावयास १९४० नंतरच्या दशकात दोन-तीन तास लागत. ती वेळ काही मिनिटांवर आणण्यास त्यांस वीसहून अधिक वर्षे लागली. आमच्याकडे दोन दिवसांच्या व्याख्यानमालेने हेच साधू पाहणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

इतके गुण गाऊन झाल्यावर ग्रंथाचा दोषही तितक्याच स्पष्टपणे सांगितला पाहिजे. त्यात बोलणारा मनुष्य एकच आहे. १९४७ पासून एका कामगाराकडे दोन, मग तीन-चार यंत्रे दिली, तेव्हा जुन्या कसबी कारागिरांनी विरोध केला असे ओनो प्रांजळपणे सांगतात. पण तो विरोध काय होता, त्यांचे म्हणणे काय होते, ते कानांवर येत नाही. १९५० साली कंपनीत मोठा संप झाला, बरेच कामगार गेले व संस्थापक किइचिरो टोयोडा ह्यांस अध्यक्षपद सोडावे लागले. ह्या घटनेने पुढील सर्व व्यवस्थेचा पाया घातला, परंतु ग्रंथात तिला तिच्या महत्त्वाच्या मानाने जागा नाही. ज्या मनुष्यचिन्हाचे आम्ही वर कौतुक केले, त्या मनुष्याला ग्रंथात हात आहेत, डोळे आहेत, फक्त वाचा नाही.

ती वाचा कामातांच्या ग्रंथात आहे. कामाता हे पत्रकार. १९७२ च्या सप्टेंबरात ते आपला पेशा न सांगता टोयोटाच्या मुख्य कारखान्यात हंगामी कामगार म्हणून दाखल झाले, गिअर बॉक्स जोडण्याच्या सरकत्या पट्ट्यावर उभे राहिले, आणि करार पुरा होईपर्यंत रोजच्या रोज टिपणे लिहीत गेले. ग्रंथाची घडण रोजनिशीची आहे, आणि ती अचूक आहे. कारण त्या जीवनात आजचा दिवस कालच्यासारखाच असतो व रोजनिशीइतकी ती एकतानता दुसऱ्या कोणत्याही रचनेत उतरली नसती. प्रथम हात जुळत नाहीत, मग जुळतात, जुळले न जुळले तोच पट्ट्याचा वेग वाढतो. पाळी संपता संपता जादा काम जाहीर होते. वसतिगृहाच्या दारावर पहारेकरी असतो. बरोबर भरती झालेली माणसे एकेक करून निघून जातात. दुखणारे हात घेऊन निजलेला मनुष्य सकाळी त्याच हातांनी उठतो. कामाता आक्रोश करीत नाहीत. मिनिटे मोजतात, नग मोजतात, जेवणाची वेळ मोजतात. व्यवस्थापकाच्याच मोजमापाचे हत्यार त्यांनी व्यवस्थापकावर चालविले आहे.

त्यांच्याही ग्रंथात उणिवा आहेत. पट्ट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला पट्टा दिसतो, कारखाना दिसत नाही. त्यामुळे अमुक गोष्ट अशीच का केली ह्याचा उलगडा त्यांस क्वचितच होतो, आणि जगातील सर्वच सरकत्या पट्ट्यांचा जो शाप आहे तो ते कित्येकदा ह्या एका कंपनीच्या खात्यावर घालतात. सहा महिन्यांनी सुटका होणार हे ठाऊक असलेला मनुष्य आणि निवृत्तीपर्यंत तेथेच राहणारा मनुष्य ह्यांच्या दृष्टीत फरक असणारच. परंतु ह्या उणिवा त्यांच्या साक्षीचे मोल कमी करीत नाहीत.

दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचले म्हणजे खरा वाद कोठे आहे हे कळते. ओनो ज्याला ‘वाट पाहण्यात वाया गेलेला वेळ’ म्हणतात, तोच कामातांच्या रोजनिशीत दम खाण्याचा वेळ आहे. दोन कृतींमधील ते तीन-चार सेकंद एकाच्या दृष्टीने उधळपट्टी, दुसऱ्याच्या दृष्टीने श्वास. दोघेही खोटे बोलत नाहीत. प्रश्न असा की, मांडणी सुधारून जे सेकंद वाचले ते कोणाचे? त्यातील काही ज्याने वाचविले त्याला मिळाले तर तो उद्या आणखी सुधारणा सुचवील. सगळेच्या सगळे पट्ट्याच्या वेगात जमा झाले तर तो आपली युक्ती मनात ठेवील. हा प्रश्न दयामायेचा आहे असे समजून व्यवहारी वाचक तो बाजूला सारील. परंतु ओनोंच्या स्वतःच्या तत्त्वाप्रमाणे पाहिले तरी थकलेला कामगार हा गाळणी नसलेल्या पंपासारखाच आहे. तो आज चालतो, उद्या बिघडतो, आणि पाच वेळा ‘का’ विचारले असता शेवटचे उत्तर पट्ट्याच्या वेगाशीच येऊन पोहोचते.

आमच्या मते मुद्दा व्यवस्थेच्या सीमेचा आहे. सबंधाचा विचार करा असे सांगणे सोपे. सबंध म्हणजे कोठवर, हे ठरविणे कठीण. हंगामी कामगार त्या सबंधात धरला आहे की नाही? सुटे भाग पुरविणारा लहान कारखानदार, ज्याच्या अंगणात मोठ्या कारखान्याचा साठा लोटला जाऊ शकतो, तो आत आहे की बाहेर? गिऱ्हाईक? ओनोंचा विचार दोषपूर्ण नाही. त्यांनी आखलेले वर्तुळ काही ठिकाणी अपुरे आहे.

ह्याचा पडताळा पुढे कंपनीलाच आला. २००८ साली टोयोटाने विक्रीत जनरल मोटर्सला मागे टाकून जगात पहिला क्रमांक मिळविला, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत मोटारी अकस्मात वेग घेतात अशा तक्रारींचे वादळ उठले. ऑगस्ट २००९ मध्ये सॅन डिएगोजवळच्या एका अपघातात चार माणसे दगावली. त्यापाठोपाठ लक्षावधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. विद्युत्-यंत्रणेत दोष असल्याचे अमेरिकन सरकारच्या २०११ सालच्या तपासणीत आढळले नाही. पायाखालची चटई अडकणे आणि पेडल चिकटणे ही कारणे निष्पन्न झाली. २४ फेब्रुवारी २०१० रोजी अध्यक्ष आकिओ टोयोडा ह्यांनी अमेरिकन लोकप्रतिनिधींच्या समितीपुढे साक्ष देताना सांगितले की, कंपनीची वाढ फार झपाट्याने झाली अशी आपणांस भीती वाटते. सुरक्षितता प्रथम, गुणवत्ता नंतर व संख्या शेवटी, हा जो घराण्याचा क्रम, तो ह्या घाईत विस्कटला. १९७८ सालच्या त्या उपशीर्षकाला ह्याहून बोलके भाष्य कोणते हवे? मोठ्या आकारमानाचा मोह सोडा असे सांगणारा ग्रंथ ज्या घरात लिहिला गेला, त्याच घराला तो मोह आवरला नाही.

त्याहून गंभीर गोष्ट २०१४ साली बाहेर आली. सुरक्षिततेविषयी लोकांची दिशाभूल केल्याच्या आरोपावरून कंपनीने अमेरिकन सरकारला १२० कोटी डॉलर दंड देऊन प्रकरण मिटविले. पट्ट्यावरच्या साध्या कामगाराला दोष दिसताच दोरी ओढून ओळ थांबविण्याचा अधिकार होता; वरच्या मजल्यावर मात्र अप्रिय बातमी थांबवून ठेवली गेली. धागा तुटताच थांबणाऱ्या मागाचा धर्म कचेरीपर्यंत चढला नव्हता. मोठी होत जाणारी प्रत्येक संस्था, मग ती कंपनी असो, पतपेढी असो की शिक्षणसंस्था, येथेच परीक्षेस उतरते. खालच्याने वाईट बातमी वर नेली तर त्याचे स्वागत होते की त्याच्यावर ठपका येतो, ह्या एका खुणेवरून तिच्या सुधारणेच्या गप्पांचे मोल ठरवावे.

मराठी वाचकाला हे सारे दूरदेशीचे वाटू नये. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० साली उभा राहिला, आणि १९२० साली त्या कारखान्याच्या ‘खबरे’तून एक नामांकित मासिक वाढले, हे आमच्या वाङ्मयाच्या इतिहासातीलच एक प्रकरण आहे. त्याच किर्लोस्कर उद्योगसमूहाशी भागी करून १९९७ साली टोयोटाने भारतात कंपनी काढली. बंगळूरजवळच्या बिडदी येथील तिच्या कारखान्यात २००६ च्या जानेवारीत व पुन्हा २०२० च्या नोव्हेंबरात संप आणि टाळेबंदी झाली. दुसऱ्या वेळी कामगारांची मुख्य तक्रार कामाच्या वाढलेल्या बोजाची होती. कंपनीचे म्हणणे निराळे होते. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. पण कामातांचा ग्रंथ वाचलेल्या माणसाला तो वाद ओळखीचा वाटल्यावाचून राहत नाही. जुलै २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर येथे मोठा कारखाना काढण्यासाठी ह्याच कंपनीने महाराष्ट्र सरकारशी सामंजस्य करार केला आहे. अशा कारखान्यात मराठवाड्यातील कोणी पट्ट्यावर उभा राहील, कोणी वर काचेच्या खोलीत बसेल.

त्या दोघांनीही हे दोन्ही ग्रंथ वाचावेत अशी आमची इच्छा आहे. व्यवस्थापन शिकविणाऱ्या विद्यालयांत ओनोंची पद्धती मोठ्या उत्साहाने शिकविली जाते. कामातांचे नाव तेथे क्वचितच निघत असेल. ही एकांगी विद्या आहे. ओनोंवाचून कामाता वाचला तर मनुष्य हळहळतो, आणि दुसऱ्या दिवशी फ्यूज बदलीत बसतो. कामातांवाचून ओनो वाचला तर तो गाळण्या बसवीत सुटतो, आणि मोजणाऱ्याच्या चोपडीत ज्यांचे नाव नाही अशा माणसांचे श्वास वायफळ खर्चात मांडतो. ग्रंथकार ह्या नात्याने दोघांत श्रेष्ठ कोण, असे कोणी विचारल्यास विचारांच्या बांधणीत आम्ही ओनोंस वरचे स्थान देऊ आणि निरीक्षणाच्या सच्चेपणात कामातांस. परंतु त्या जोडचिन्हातला मनुष्य पुरता दिसावयास दोघांचीही गरज आहे, एवढे मात्र आम्ही निःशंकपणे म्हणतो.